‘नाही’ म्हणू शकणारी समिती हवी

प्रति,
महाराष्ट्रातील यकृत प्रत्यारोपण केंद्रांचे प्रमुख,
कर्करोग रुग्णालयांतील ट्यूमर बोर्डांचे सदस्य
आणि रोट्टो-सोट्टो (विभागीय व राज्य अवयव प्रत्यारोपण संस्था), मुंबई

महोदय, महोदया,

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलाय आणि गाठी कापून काढता येण्यासारख्या नाहीत, असं एकदा फाइलवर लिहिलं गेलं की पुढचं वेळापत्रक घरच्यांना पाठ होतं. केमो, दोन-तीन महिन्यांनी स्कॅन, औषध बदलून पुन्हा केमो. त्यात आता एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. पेशंटचा मुलगा किंवा जावई मोबाइलवर काहीतरी उघडतो आणि माझ्यापुढे धरतो. “मॅडम, फ्रान्समध्ये अशा पेशंटचं लिव्हरच बदलतात. डोनर आमच्या घरातच आहे. सांगा, कधी ॲडमिट करू?” मी डॉक्टर नाही, प्रत्यारोपण समन्वयक आहे. दाता, पेशंट आणि कागदपत्रं यांच्या मधली माणूस. पण या प्रश्नाला तोंड देण्याची पहिली पाळी माझ्यासारख्यांवरच येते. एका रुग्णालयात त्याच माणसाला “असं काही नसतं” म्हणून परत पाठवतात आणि दुसरीकडे पहिल्याच भेटीत डोनरच्या तपासण्या लिहून देतात. हे पाहून पाहून हे पत्र लिहायला बसले.

मुलगा चुकीचं बोलत नसतो, हे आधी मान्य करू. पॅरिसजवळ व्हिलज्यूफ इथल्या पॉल ब्रूस रुग्णालयातले रेने आदाम यांच्या नेतृत्वाखालचा ‘ट्रान्समेट’ अभ्यास २०२४ च्या सप्टेंबरात ‘द लॅन्सेट’मध्ये आला. फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीतली २० केंद्रं, ९४ रुग्ण. कोणाच्या वाट्याला काय येणार हे डॉक्टरांच्या हातात न ठेवता ४७ जणांना केमोबरोबर यकृत प्रत्यारोपण आणि ४७ जणांना नुसती केमो अशी वाटणी झाली. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ५६.६ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले १२.६ टक्के. ज्यांचं प्रत्यारोपण ठरल्याप्रमाणे पार पडलं त्यांचाच हिशेब केला तर आकडा ७३ टक्क्यांवर जातो. चौथ्या स्टेजच्या, कापता न येणाऱ्या आजारात एवढा फरक क्वचितच कोणी दाखवला असेल. हा निकाल “परदेशातली फॅशन” म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी तो निबंध एकदा वाचावाच.

मात्र व्हॉट्सॲपवर फिरताना त्यातला एक आकडा गळून जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा आहे. तो म्हणजे १५७. या आजारात मुरलेल्या केंद्रांनी आपल्या मते योग्य असे १५७ रुग्ण या अभ्यासासाठी सुचवले होते. त्यांची फाइल त्या केंद्राबाहेरच्या एका स्वतंत्र तज्ज्ञ समितीपुढे जायची. समितीने त्यातले ९४ पात्र ठरवले. म्हणजे निष्णात टीमने “हा पेशंट योग्य आहे” म्हणून पाठवलेल्या दर दहांपैकी चौघांना समितीने नकार दिला. ५६.६ आणि ७३ हे आकडे त्या नकारांच्या पायावर उभे आहेत.

अटीही काही सैल नव्हत्या. वय ६५ पर्यंत. आतड्यातली मूळ गाठ आधीच नीट काढलेली. यकृताबाहेर आजाराचा मागमूस नाही. गाठीत बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा, आजार आक्रमक करणारा बदल नाही. रक्तातला सीईए, म्हणजे या कर्करोगाचा अंदाज देणारा घटक, ८० च्या खाली, किंवा सुरुवातीच्या पातळीवरून निम्म्याने तरी उतरलेला. केमोचे फार तर तीन प्रकार झालेले, आणि त्यांतल्या शेवटच्याने निदान तीन महिने आजार दबवून ठेवलेला. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती पेशंटच्या वयाबद्दल किंवा ताकदीबद्दल काही विचारत नाही. ती आजाराचा स्वभाव विचारते. एवढं गाळून घेतल्यानंतरही प्रत्यारोपणाच्या गटातल्या ४७ पैकी ९ जणांना नवं यकृत मिळालंच नाही. प्रत्यारोपण झालं ते ३८ जणांचं. वाट पाहायच्या काळात ज्याचा आजार उसळतो, त्याचा तो आजार नवीन यकृत बसवल्यावरही उसळलाच असता. तिकडची प्रतीक्षा यादी ही नकळत एक चाचणीही असते.

आता आपल्याकडे या. इथे यकृत बहुतेक वेळा घरातूनच येतं. आपल्या देशात मेंदूमृत दात्यांकडून होणारं अवयवदान दर दहा लाख लोकांमागे एकाच्याही खाली आहे, त्यामुळे आपल्याकडची बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याच्या जिवावर चालतात. फ्रान्समध्ये यकृत समाजाच्या सामाईक साठ्यातून यायचं, म्हणून ते या पेशंटला का द्यायचं, हे समाजाच्या वतीने कोणीतरी विचारत होतं. सिरोसिसने मरणाला टेकलेल्या दुसऱ्या माणसाचा त्यावर हक्क होता. आपल्याकडे बायकोचं यकृत नवऱ्याला जातं तेव्हा ते कोणाच्या रांगेतून काढून घेतलेलं नसतं. प्राधान्याचा वाद नाही, गुणांचा हिशेब नाही, झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटप करणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीशी संबंध नाही. शस्त्रक्रिया केव्हा करायची तेही आपल्या हातात. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये सोयीचा आठवडा निवडता येतो. हा जिवंत दात्याचा खरा फायदा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या तीन केंद्रांनी जिवंत दात्याच्या यकृतावर असे दहा रुग्ण केले, त्याचा निबंध २०२२ मध्ये ‘जामा सर्जरी’त आला, दीड वर्षाला ते सगळे जिवंत होते. म्हणजे वाट बंद नाही. पण त्या वाटेवर आपोआप उभं राहणारं फाटक आपल्याकडे नाही. अवयवांची टंचाईच युरोपात जे प्रश्न विचारायला भाग पाडते, ते इथे मुद्दाम कोणी विचारले तरच विचारले जातील.

कायदा तपासतो ते वेगळंच. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आणि २०११ च्या दुरुस्तीत जवळचे नातेवाईक कोण, हे स्पष्ट आहे: पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. नातं सिद्ध झालं, पैशाचा व्यवहार नाही हे दिसलं, की रुग्णालयाच्या पातळीवर परवानगी मिळते. प्राधिकार समितीपुढे जायचं ते नात्याबाहेरच्या दात्यांनी. हे सगळे कागद मी स्वतः गोळा करते. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, जुने फोटो, शिधापत्रिका. त्या अख्ख्या गठ्ठ्यात “या पेशंटला या शस्त्रक्रियेचा खरोखर उपयोग होईल का?” असा रकाना कुठेच नाही. कायदा खरेदी-विक्री रोखायला केला आहे, आणि ते काम तो करतो. वैद्यकीय योग्यता ठरवणं त्याने डॉक्टरांवर सोडलं. सिरोसिसमध्ये ते चालून गेलं, कारण तिथे निकष वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले आहेत. या आजारात आपण अजून पहिल्या पायरीवर आहोत.

दात्याबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या, कारण ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे कर्करोगाचा उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या, बैठकीत ती व्यक्ती हजर नसते. ‘ती’ हे मी मुद्दाम लिहिते. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका जास्त, हे कोणत्याही प्रत्यारोपण विभागाच्या रजिस्टरवर बोट फिरवलं तरी दिसेल. २०१४ च्या नियमांनाही ते माहीत आहे. दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्या आणि तिची स्वतंत्र संमती पेशंटखेरीज दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून घ्या, असं त्यांत लिहिलेलं आहे. मोठ्या माणसासाठी बहुधा उजवी बाजू काढतात, म्हणजे यकृताचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग. यकृत पुन्हा वाढतं, दाता काही महिन्यांत कामाला लागतो, हे खरं. दात्याचा जीव जाण्याचा धोका हजारात एक ते पाच असा सांगतात, हेही तितकंच खरं. पित्तगळती, जंतुसंसर्ग, पोटावर जन्मभराचा वण हे वेगळं. यकृत निकामी होऊन आठवड्याभरात जाणाऱ्या मुलासाठी आई हा धोका पत्करते, तेव्हा त्या सौद्यात काय मिळणार ते तिला कळत असतं. केमोवर बऱ्यापैकी चालत्या-फिरत्या असलेल्या नवऱ्यासाठी बायको तो पत्करते तेव्हा काय मिळणार, हे तिला कोण सांगतं? “माझं घ्या, मला काही होत नाही,” हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की त्याला संमती म्हणावं का, असा मला प्रश्न पडतो. सासू शेजारी बसलेली असते.

आणि काय मिळणार, ते सांगणं सोपं नाही. “नवीन लिव्हर बसलं म्हणजे कॅन्सर गेला,” असं घरच्यांना वाटतं. ट्रान्समेटमध्ये प्रत्यारोपण झालेल्यांपैकी चारांतल्या साधारण तिघांना आजार परत आला, बहुतेकदा फुप्फुसात. तरीही ते जगले, कारण फुप्फुसातल्या त्या गाठी सहसा हळू वाढतात आणि काहींच्या पुन्हा शस्त्रक्रियेने काढता येतात. डॉक्टरांना यात विसंगती वाटत नाही. पण ज्या घराने शेताचा तुकडा विकून वीस-पंचवीस लाख उभे केले आणि सुनेला टेबलावर झोपवलं, त्या घराला वर्षाच्या आत “छातीत दोन गाठी दिसतायत” हे ऐकवणं वेगळं. त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर चालू. हे सगळं शस्त्रक्रियेआधी, दात्याला एकटीला बसवून, तिला समजेल अशा मराठीत सांगितलंच पाहिजे. तासाभराचं काम आहे. चार ओळींच्या छापील फॉर्मवर सही घेऊन ते होत नाही.

इतकं वाचून मी या उपचाराच्या विरोधात आहे असं कोणाला वाटेल. तसं अजिबात नाही. उलट माझी भीती दुहेरी आहे. योग्य नसलेल्यांचं होईल, आणि योग्य असलेल्यांना कळणारच नाही. टाटा मेमोरियलमधल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं होतं. पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे असतं. म्हणजे आपला पेशंट कमावता आहे, त्याची पोरं शाळेत आहेत. त्याच्या आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतातच जातं, म्हणून आजारही आधी तिथेच जाऊन बसतो, आणि काही जणांत कितीतरी काळ तिथेच राहतो. हा उपचार अशाच माणसांसाठी आहे. पण जळगाव किंवा लातूरच्या पेशंटला “कापता येत नाही” हे कोण सांगतं? पुष्कळदा यकृताची शस्त्रक्रिया स्वतः कधी न केलेले डॉक्टर. नेदरलँड्समधल्या ‘कैरो-५’ अभ्यासात यकृत शल्यचिकित्सकांच्या पॅनेलला एकच स्कॅन दाखवून मत विचारलं, तर सुरुवातीच्या स्कॅनबाबत जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये त्यांचं आपसांत एकमत झालं नाही. तज्ज्ञांत ही गत. तेव्हा प्रत्यारोपणाचा विषय काढण्याआधी यकृताचा भाग वाढवून दोन टप्प्यांत गाठी काढता येतील का, काही गाठी जाळून टाकता येतील का, हे जाणत्या माणसाने पाहिलेलं असलं पाहिजे. स्वतःचंच यकृत वाचत असेल तर दुसऱ्याच्या पोटावर सुरी कशाला?

हा इतिहास आपल्याआधी दोनदा घडून गेला आहे. यकृताच्या स्वतःच्या कर्करोगात सुरुवातीला सरसकट प्रत्यारोपणं झाली, निकाल वाईट आले आणि तो उपचार जवळपास बाद ठरला. मग १९९६ मध्ये मिलानच्या मात्साफेर्रो यांनी मोजके निकष लावून ४८ रुग्णांचा निकाल मांडला: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, तीनपर्यंत असतील तर प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत. चार वर्षांनी ७५ टक्के जिवंत. तेच निकष आज तुमच्या प्रत्येकाच्या भिंतीवर आहेत. आतड्याच्या कर्करोगाचंही तसंच झालं. १९९५ आधीच्या युरोपातल्या प्रत्यारोपणांत पाच वर्षं जगणारे शंभरात अठराच निघाले आणि सगळ्यांनी तो नाद सोडला. ऑस्लोने २००६ मध्ये तो पुन्हा धरला, कारण तेव्हा नॉर्वेत यकृतं गरजेपेक्षा जास्त मिळत होती. पहिल्या २१ रुग्णांत पाच वर्षांचं जगणं ६० टक्के, निकष कडक केल्यावर पुढच्या १५ रुग्णांत ८३ टक्के. सर्वांत मोठ्या गाठीचा आकार साडेपाच सेंटिमीटरच्या वर, सीईए ८० च्या वर, केमो चालू असताना वाढणारा आजार, आतड्याच्या शस्त्रक्रियेला दोन वर्षं न होणं: यांतल्या प्रत्येक गोष्टीला ऑस्लोने एकेक वाईट गुण दिला. शल्यकौशल्य तेच होतं. बदलली ती निवड. आपल्याकडे सुरुवातीची पाच-दहा प्रत्यारोपणं घाईत होऊन फसली, तर पुढची दहा वर्षं कोणी या उपचाराचं नाव काढणार नाही, आणि त्याची किंमत योग्य पेशंट मोजतील.

म्हणून मागणं साधं आहे. या आजारासाठी जिवंत दात्याचं प्रत्यारोपण करण्याआधी प्रत्येक फाइल त्या रुग्णालयाबाहेरच्या समितीपुढे जावी. त्यात निदान दोन यकृत शल्यचिकित्सक, एक कर्करोगतज्ज्ञ, एक रेडिऑलॉजिस्ट असावा, आणि त्यांतल्या कोणाचंही त्या केंद्राशी आर्थिक नातं नसावं. स्कॅन हल्ली क्षणात पाठवता येतात. नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याचं काम मुंबईत टाटा मेमोरियलमधूनच चालतं, आणि दूरवरच्या रुग्णालयांशी व्हिडिओवर ट्यूमर बोर्ड भरवणं त्यांना नवं नाही. यकृत शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. तीच सुरुवातीला जशीच्या तशी घेतली तरी चालेल. समितीचा नकार लेखी असावा आणि तो पेशंटच्या हातात मिळावा, म्हणजे तीच फाइल घेऊन दुसऱ्या दारात जाणाऱ्याला तिथेही तो दाखवावा लागेल. जिवंत दाता तयार आहे म्हणून लगेच तारीख द्यायची नाही. केमोवर आजार दबून राहिल्याचे महिने सगळ्यांना सारखेच मोजायचे, आणि शेवटचा स्कॅन शस्त्रक्रियेच्या अगदी अलीकडचा हवा. झालेल्या प्रत्येक प्रत्यारोपणाची, दात्याच्या तब्येतीसह, एकाच सामाईक नोंदवहीत नोंद व्हावी. फसलेल्यांचीही. परिषदांमधल्या स्लाइडवर यशस्वी पेशंटचे हसरे फोटो मी पुष्कळ पाहिलेत, दात्याचा एकही पाहिला नाही.

दात्याला स्वतःचा डॉक्टर हवा, ज्याचं पेशंटच्या टीमशी काही देणंघेणं नाही. आणि तिला माघार घेता यावी अशी सभ्य वाट हवी. आमच्या व्यवसायात एक जुनी पद्धत आहे: दाता मनातून तयार नसेल तर “तपासणीत बसत नाही” एवढंच घरच्यांना सांगायचं, कारण सांगायचं नाही. ती पद्धत सगळीकडे पाळली जात नाही. पाळा.

रोट्टो-सोट्टो आणि मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसींसाठी एक प्रश्न स्वतंत्रपणे विचारते, कारण तो अजून कोणी उघड विचारलेला माझ्या कानावर नाही. जिवंत दात्याचं यकृत बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याची धमनी बंद पडली, तर पेशंटचा जीव दुसऱ्या यकृतावर अवलंबून असतो, आणि ते मेंदूमृत दात्याचं, तातडीच्या यादीतून मागितलं जातं. ट्रान्समेटमध्येही ३८ पैकी तिघांना पुन्हा प्रत्यारोपण लागलं, त्यांतला एक दगावला. म्हणजे “आम्ही यादीला हात लावत नाही” हा दावा त्या दिवशी कोसळतो. अशा पेशंटला तातडीचं यकृत द्यायचं की नाही? द्यायचं असेल तर यादीत वर्षभर थांबलेल्यांना काय सांगायचं? नसेल द्यायचं, तर ते पेशंटला आणि दात्याला आधी सांगायचं की नाही? रात्री दोन वाजता मला फोन येईल तेव्हा आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या घरच्यांसमोर मी ते ठरवू शकत नाही, आणि ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनेही ते ठरवू नये. पुढची अशी फाइल माझ्या टेबलावर येण्याआधी याचं उत्तर लेखी स्वरूपात सगळ्या केंद्रांना पाठवा. समिती, नोंदवही, निकष यांना सहा महिने लागले तरी समजू शकते. हे एक उत्तर एका बैठकीत होण्यासारखं आहे.

आपली,
एक प्रत्यारोपण समन्वयक